विचारा गुरुजींना : बंडाची बातमी पोचवली कुणी?

प्रश्न : हैती या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच वसाहतीत १७९१ साली गुलामांनी बंड केलं आणि ते पाहून शेजारच्या वसाहतींतले गुलामही उठले, असं मुलाच्या पुस्तकात आहे. पण त्यांना ना अक्षरओळख, ना मळ्याबाहेर जायची मुभा. मग बातमी पोचली कशी? की हा सांधा मागाहून जुळवलेला?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : शंका रास्त आहे, ताई. ‘आधी हे झालं, मग ते झालं’ एवढ्यावर मीही विसंबत नाही. पण डचांच्या कुरासाव बेटावरचं प्रकरण बघा. १७ ऑगस्ट १७९५ ला क्निप मळ्यावरच्या गुलामांनी कामाला साफ नकार दिला. त्यांचा म्होरक्या होता ‘तुला’ नावाचा गुलाम. समजूत घालायला शिंक नावाचे पाद्री गेले, तर त्याने त्यांनाच हिशेब मांडून दाखवला : फ्रेंचांनी त्यांच्या काळ्या लोकांना मोकळं केलं, हॉलंड फ्रेंचांनी घेतलं, मग आम्हीही मोकळेच की! यातलं काहीच अफवा नव्हतं. फ्रान्सने १७९४ च्या फेब्रुवारीतच गुलामगिरी रद्द केली होती. ३ ऑक्टोबरला तुलाला हाल करून मारलं.

बातमी यायची ती गलबतांवरून. खलाशी, हमाल, मालकाच्या पंगतीत वाढणारे, सगळ्यांचे कान उघडे. व्हेनेझुएलात कोरोजवळ त्याच वर्षी मे महिन्यात उठाव करणारा चिरिनो तर व्यापाऱ्याच्या चाकरीत हैतीपर्यंत जाऊन आलेला. (आमच्या उमरग्याकडे रझाकारांच्या काळात सोलापूरचा पेपर ज्वारीच्या पोत्यातून यायचा. एकजण वाचायचा, गाव ऐकायचं.)

आणि अक्षरओळख नव्हती म्हणता? बार्बाडोसमध्ये १८१६ ला बंड झालं, त्याच्या चौकशीत एका कैद्याने नॅनी ग्रिग या घरकाम करणाऱ्या गुलाम बाईचं नाव सांगितलं. ती वर्तमानपत्र वाचून इतरांना सांगायची, की स्वातंत्र्य लढूनच घ्यावं लागेल, हैतीवाल्यांनी आग लावली तशी लावा. कैद्याची जबानी आहे, थोडं मीठमसाला धराच. पण हैतीचं नाव त्या बेटावर तोंडी होतं, हे त्यातून दिसतंच.

बंडामुळे सगळीकडे बेड्याच तुटल्या, असं मात्र मुलाला शिकवू नका. हैतीचे मळे जळाले तशी साखरेची बाजारपेठ क्यूबाच्या मळेवाल्यांनी गाठली, आणि तिथे आफ्रिकेतून आणखी गुलाम आणले गेले. क्यूबातली गुलामगिरी संपायला १८८६ उजाडलं.