बेळगावात फुटबॉलचे इतके वेड असताना आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, देशातली व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा) संघ का नाही?
टिळकवाडीच्या लेले मैदानावर सामना असला की लोक कडेने उभे राहून पाहतात, पण तेवढ्यावर व्यावसायिक संघ पोसला जात नाही. २०१४ साली आयएसएल सुरू झाली तेव्हा स्टार ही वाहिनीच प्रवर्तकांपैकी एक होती. साहजिकच मुंबई, दिल्ली, चेन्नई अशा जाहिरातदारांना हव्या असलेल्या शहरांना आणि कोलकाता, गोवा, कोची अशा जुन्या फुटबॉलवेड्या ठिकाणी संघ मिळाले. अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये (तो फुटबॉल वेगळा, हे सोडा) १९६१च्या कायद्यामुळे सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकता येतात आणि राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न समान वाटले जाते, म्हणूनच बेळगावापेक्षा कितीतरी लहान असलेल्या ग्रीन बे गावात संघ टिकून आहे. आयएसएलच्या हक्कांना तशी किंमत कधीच आली नाही, त्यामुळे सामना पाहायला आपल्याला चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमलाच जावे लागते.