अंतर ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. समोरच्याने भाव दहा टक्क्यांनी पाडला, म्हणून तूही उद्यापासून पाडणार. तो पुन्हा पाडेल या धास्तीने तुझी झोप उडाली आहे. धंदाच सोडू का, असंही विचारतोस. सोडू नकोस. आधी अंतर ठेवायला शीक.

तू गाडी चालवतोस, म्हणजे हे तुला ठाऊक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातोच. म्हणून पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवायला सांगतात. बंपरला चिकटलेल्याला पुढचे लाल दिवे सोडून काही दिसत नाही. ना वळण, ना खड्डा. त्याची गाडी पुढचाच चालवत असतो. तुझं आत्ता तेच चाललंय. त्याचे दर तुला तोंडपाठ, आणि स्वतःचा खर्च मात्र ‘अंदाजे’!

दरातले तीस टक्के सुटतात, असं तूच लिहिलं आहेस. दहा टक्के उतरवलेस तर तेवढेच पैसे सुटायला माल दीडपट खपवावा लागेल. कोण घेणार तो? आणि त्याने भाव का पाडला, हे तुला माहीत तरी आहे का? माल अडकला असेल, हप्ता थकला असेल. त्याच्या अडचणीपायी तू का कचाकच ब्रेक मारतोस?

२००८ साली जपानी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना ताशी ३० च्या आसपास एकसारखं चालवायचं होतं. सिग्नल नाही, अपघात नाही, रस्ता अरुंद नाही. तरी कोंडी झालीच, आणि ती लाटेसारखी मागे सरकत राहिली. एक जण जरासा मंदावला, मागचा जास्त, त्याच्या मागचा थांबलाच. भाव पाडण्याची चढाओढ अशीच पसरते. अंतर राखणारी गाडी तो धक्का पोटात घेते. ती गाडी तू हो.

अंतर ठेवलं की मध्ये कुणीतरी घुसतो, म्हणशील. घुसतोच. घुसू दे! वेग जरा कमी कर, पुन्हा अंतर घे. दोन सेकंद जातील, जाऊ देत. मलाही लोक भित्रा म्हणाले. भागीदार याच कारणावरून वेगळा झाला. एक मोठं काम हातचं गेलं, त्याची हळहळ अजून वाटते. पण त्या दरात कामगारांचे पगार निघत नव्हते. मग काय करायला हवं होतं मी? आजही मी तोच नकार देईन, आणि तेव्हा हसलेल्यांनी आज पुन्हा हसावं, माझी हरकत नाही.

आणि ओव्हरटेकचं म्हणशील, तर तोही अंतर ठेवणाऱ्यालाच नीट जमतो, कारण समोरचा रस्ता त्यालाच दिसतो. मोकळा दिसला की जरूर घाल गाडी पुढे. तोवर अंतर ठेव, बाबा.

उद्या दर बदलू नकोस. एका नगामागे नेमका किती खर्च येतो ते काढ. विक्री मंदावली तर हाताशी किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, ते बघ. जी गिऱ्हाइकं पुन्हापुन्हा येतात, त्यांना फोन करून विचार, का येता म्हणून. मग सगळे आकडे घालून मला लिही.

तुझा हितचिंतक