रक्त हिरवं आहे म्हणून काय झालं?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे, नुकताच दहा पूर्ण झाला. दिवाळीत पुण्याचा भाचा आला आणि माझ्या मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम टाकून गेला. 'मावशी, यात रक्त हिरवं दिसतं, काही होत नाही,' असं त्याचं म्हणणं. आता जेवायला हाक मारली की पोरगा अंगावर येतो. गेम काढून टाकू का?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, दहा वर्षांच्या पोराला हा गेम मी देणार नाही. पण गुपचूप काढू नका, नाहीतर तो शेजारच्या मोबाइलवर खेळेल.

विश्रामबागला माझं नेट कॅफे होतं. शाळा सुटली की पोरं दप्तरं भिंतीला टेकवून काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा गेम खेळायला बसायची, तासाला वीस रुपये. त्या गेमवर 'एम', म्हणजे सतराच्या पुढच्यांसाठी, असा अमेरिकेतला शिक्का होता. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तरी गल्ल्याकडे बघून गप्प बसलो असतो. मला गोळ्यांपेक्षा शिव्या टोचायच्या. पण सगळे एकाच खोलीत, एकदा ओरडलो की गप्प. आता ती खोली हेडफोनच्या आत गेली आहे.

गेल्या गणपतीत पुतण्याच्या पोराचा हेडफोन मी सहज कानाला लावला. पलीकडे चांगला बाप्या माणूस, हिंदीत विचारतोय, कुठला तू, शाळा कुठली? आमचं ध्यान शाळेचं नाव सांगून मोकळं!

हिरव्या रक्ताची गोष्ट खरी आहे. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये त्याच घाटणीचा बीजीएमआय आला, हिरवं रक्त घेऊन. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास आणि पालकांच्या मोबाइलवर ओटीपी, हेही सोबत आलं. तुम्हाला असा ओटीपी आल्याचं आठवतं का? नसेल, तर भाच्याने वय वाढवून टाकलं असणार.

गेमखालचा वयाचा आकडा जरूर बघा. युरोपात फोर्टनाइटला 12 आहे, कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअरला 18. बंदुका दोन्हीत. पण एकात हरलेलं पात्र रक्ताचा थेंब न सांडता गायब होतं, दुसऱ्यात माणूस माणसासारखा मरतो. मात्र माइकवर कोण भेटेल, हे कुठल्याच आकड्यावरून कळायचं नाही. म्हणून रविवारी पोराशेजारी बसा, हेडफोन काढायला लावा आणि एक अख्खी मॅच ऐका. मग त्याला समोर बसवूनच गेम काढा. रंग उडवायचा स्प्लॅटून त्याच्या वयाला बरा, पण त्याला निन्टेन्डोचं यंत्र लागतं. ते तासगावात कुठे शोधत बसता?

चिडण्याचं मात्र थोडं त्याच्या बाजूने बोलतो. या गेममध्ये शंभर जण विमानातून उड्या टाकतात, खेळायच्या जागेचं वर्तुळ आवळत जातं, मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते आणि मध्येच थांबवायची सोय नाही. तो उठला की बरोबरचे तिघे उघडे पडतात. उद्या दुसरा कुठला गेम दिलात, तरी हाक मॅच सुरू व्हायच्या आधी मारा. भाजी फोडणीला टाकतानाच सांगा, ही शेवटची.

आणि त्या मोबाइलवर तुमचं यूपीआय असेल, तर प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावा. आजच लावा, भाचा मे महिन्यात परत यायच्या आत.