वाचकांचे प्रश्न : रोबोला कल आणि दिशा कळण्यासाठी कोणता सेन्सर घ्यावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची, म्हणजे हौशी रोबोंमधील कल आणि दिशा मोजणाऱ्या सेन्सरांविषयीची असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : मी दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारा रोबो तयार करीत आहे. कल मोजण्यासाठी मला टिल्ट स्विच, एडीएक्सएल-३४५ आणि एमपीयू-६०५० असे तीन पर्याय सुचविण्यात आले. त्यांपैकी एडीएक्सएल-३४५ लावून पाहिला. टेबलावर कोन अगदी बरोबर येतो, परंतु मोटारी सुरू होताच आकडे नाचू लागतात. सेन्सर बदलावा का?
— पॉलिटेक्निकची एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : सेन्सर बदलावा, मात्र तो सदोष आहे म्हणून नव्हे. एडीएक्सएल-३४५ हा केवळ ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर आहे. तो गुरुत्वाकर्षणाची दिशा पाहून कल सांगतो, पण गुरुत्वाकर्षण कोणते आणि गाडीने घेतलेला झटका कोणता, हे त्याला वेगळे करता येत नाही. तुमचा रोबो तोल सावरण्यासाठी पुढे झेपावतो, तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एकपंचमांश असले, तरी सरळ उभा असलेला रोबो सुमारे ११ अंश कलला आहे असे आकडे सांगतात. प्रोग्राम ते खरे मानून आणखी जोराने मोटार फिरवतो, आणि मग सगळेच बिनसते.

यावर उपाय जायरोचा आहे. जायरो फिरण्याचा वेग मोजतो, झटक्याने फारसा बिचकत नाही, आणि त्या वेगाची कालानुसार बेरीज करत गेले की कोन मिळतो. त्याची खोड अशी की स्थिर असतानाही तो शून्याऐवजी थोडे काहीतरी दाखवत राहतो. ही चूक सेकंदाला १ अंश धरली, तरी मिनिटभरात ती ६० अंशांची होते. म्हणून दोघांची सांगड घालावी लागते, आणि एमपीयू-६०५० मध्ये हे दोन्ही एकाच चिपवर असल्याने तुमच्या कामासाठी तोच योग्य आहे. उत्पादकाच्या नव्या यादीतून ही चिप मागे पडलेली असली, तरी शिकण्यासाठी तिच्याइतके तयार साहित्य दुसऱ्या कोणत्याही चिपसाठी सापडत नाही.

सांगड घालण्यासाठी कॉम्प्लिमेंटरी फिल्टर पुरेसा आहे. काल्मन फिल्टर या अधिक गणिती पद्धतीच्या मागे आत्ताच लागण्याची गरज नाही. प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला जायरोवरून काढलेल्या नव्या कोनाचे ०.९८ आणि ॲक्सेलरोमीटरच्या कोनाचे ०.०२ एकत्र करावेत, असे सगळीकडे छापलेले असते. हे आकडे मंत्रासारखे पाठ करू नयेत. फेरी १० मिलिसेकंदांची असेल, तर त्यांचा अर्थ असा होतो की साधारण अर्ध्या सेकंदापेक्षा कमी काळातील बदलांसाठी जायरोवर विसंबायचे आणि त्याहून सावकाश बदलांसाठी ॲक्सेलरोमीटरवर. तुम्ही फेरी ५ मिलिसेकंदांवर आणली आणि आकडे तेच ठेवले, तर ती मर्यादा पाव सेकंदावर येते आणि मोटारीचा हादरा पुन्हा कोनात शिरू लागतो.

बोर्ड शक्यतो चाकांच्या आसाजवळ बसवावा, कारण तो जितका उंच तितके डोलण्याचे त्वरण त्याला अधिक जाणवते. टिल्ट स्विचचे म्हणाल, तर आत गोळी असलेला तो साधा डबा फक्त ‘कलला’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. रोबो आडवा पडल्यास मोटारी बंद करण्यासाठी तो चालेल. पाऱ्याचा स्विच मात्र मुळीच वापरू नये.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांनी पिकाच्या दोन ओळींमधून सरळ जात मातीतील ओल मोजणारी चारचाकी गाडी बनविली आहे. दिशेसाठी एचएमसी-५८८३एल हा होकायंत्राचा सेन्सर मागविला, पण प्रोग्रामला तो सापडतच नाही. दुसरी लायब्ररी (सेन्सर वाचणाऱ्या तयार प्रोग्रामचा संच) वापरून तो चालू केला, तर प्रयोगशाळेत दिशा ३०-४० अंशांनी चुकते. आमच्याकडील काळ्या दगडामुळे असे होत असेल का?
— एक विज्ञान शिक्षक, निपाणी

उत्तर : येथे दोन स्वतंत्र अडचणी आहेत. पहिली किरकोळ आहे. एचएमसी-५८८३एल या हनीवेलच्या चिपचे उत्पादन बंद झाले आहे, आणि त्याच आकाराच्या निळ्या बोर्डांवर आता बहुधा क्यूएमसी-५८८३एल ही वेगळी चिप असते. मूळ चिपचा पत्ता, म्हणजे प्रोग्राम तिला ज्या क्रमांकाने ओळखतो तो, षोडशमान पद्धतीत १ई होता, तर हिचा ०डी आहे. रजिस्टरांची (चिपमधील आकडे ठेवण्याच्या जागांची) मांडणीही निराळी आहे : जुनी चिप तीन अक्षांचे आकडे एक्स, झेड, वाय या क्रमाने देते, तर नवी एक्स, वाय, झेड या क्रमाने. पत्ता तेवढा बदलून जुनाच प्रोग्राम चालविल्यास आकडे येतात, पण त्यांना अर्थ नसतो. तुम्ही लायब्ररीच बदलली, हे योग्य केले.

दुसरी अडचण खरी आहे, आणि तिचा दोष दगडाला देण्याआधी घरातील संशयित तपासावेत. काळ्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते आणि खडकावर टेकवलेले होकायंत्र कधी कधी चळते, हे खरे आहे. परंतु नांगरलेल्या शेतात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तो परिणाम तुमच्या गाडीच्या स्वतःच्या मोटारींपुढे सहसा काहीच नसतो.

तपासणी अशी करावी. गाडीपासून सोडवलेला सेन्सर मैदानाच्या मध्यभागी, इमारतीच्या सळयांपासून आणि लोखंडी बाकांपासून दूर नेऊन, लाकडी पाटावर ठेवावा आणि पाट चौफेर फिरवत आकडे नोंदवावेत. मग सेन्सर गाडीवर बसवून, मोटारी बंद ठेवून, तेच करावे. शेवटी चाके उचलून धरून मोटारी पूर्ण वेगाने चालवाव्यात आणि गाडी न हलवता दिशा किती सरकते ते पाहावे. पहिल्या पायरीवर दिशा सुधारली, तर दोष प्रयोगशाळेच्या टेबलाचा आणि स्लॅबचा होता. दुसऱ्या पायरीवर बिघडली, तर मोटारींची चुंबके आणि पोलादी स्क्रू यांचा आहे. हा दोष गाडीबरोबरच फिरत असल्याने हिशेबाने काढून टाकता येतो : एका पूर्ण फेरीतील एक्सचा सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी एक्समधून वजा करावी, वायचेही तसेच करावे.

तिसऱ्या पायरीवरील दोष मात्र हिशेबाने जात नाही, कारण तो विजेच्या प्रवाहाबरोबर कमीजास्त होतो. एका तारेतून २ ॲम्पिअर प्रवाह जात असेल, तर २ सेंटिमीटरवर तिचे क्षेत्र २० मायक्रोटेस्ला असते. आपल्या भागात पृथ्वीचे आडवे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या जवळपास आहे, म्हणजे ती एक तार पृथ्वीच्या निम्म्या ताकदीने ओढते. (मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळाच अलिबागला हलवावी लागली आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या, तुमच्या गाडीतही प्रश्न तोच आहे.) मोटारीच्या जाणाऱ्या व येणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे दोघींची क्षेत्रे बव्हंशी एकमेकांना रद्द करतात. सेन्सर पीव्हीसी नळीच्या दांडीवर २०-२५ सेंटिमीटर उंच न्यावा आणि नायलॉनच्या किंवा पितळी स्क्रूंनी बसवावा. मोटारीच्या चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की त्रास जवळजवळ आठपट कमी होतो. पंधरा रुपयांच्या नळीने जे साधते, ते महागड्या चिपने साधत नाही.

सरीत गाडी डचमळेल, तेव्हा दिशाही थोडी चुकेल. युरोपातील लेखांत यासाठी कल-दुरुस्तीवर मोठा भर असतो, कारण लंडनसारख्या ठिकाणी चुंबकीय क्षेत्र जमिनीत सुमारे ६६ अंश घुसते आणि गाडी १० अंश कलली तरी दिशा २० अंशांहून अधिक चुकू शकते. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ते जेमतेम २० अंशांच्या आसपास कललेले आहे, त्यामुळे तेवढ्याच कलाला चूक तीन-चार अंशांची होते. पहिल्या हंगामात तेवढे चालवून घ्यावे. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतील फरकही इकडे एक-दीड अंशापलीकडे नाही, आणि ओळीच्या सुरुवातीची दिशाच धरून ठेवायची असल्याने तुम्हाला त्याचा विचारही करावा लागणार नाही.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारी छोटी गाडी करायची आहे. बीएनओ-०५५ घेतला की कल आणि दिशा दोन्ही आयते मिळतात असे ऐकले. किंमत बरीच आहे, घ्यावा का?
— एक तंत्रज्ञ, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : बॉशच्या या चिपमध्ये ॲक्सेलरोमीटर, जायरो आणि चुंबकमापी असे तिन्ही असून त्यांचा मेळ घालणारा छोटा प्रोसेसरही आत आहे, तो सेकंदाला १०० वेळा तयार कोन देतो. वेळ वाचतो, हे निश्चित. परंतु फौंड्रीचे कास्टिंग, लेथ आणि लोखंडी रॅक यांच्यामध्ये कोणत्याही चुंबकमापीला उत्तर दिशा सापडणार नाही, मग तो कितीही महाग असो. तुमच्या ठिकाणी ही चिप चुंबकमापी वगळून चालणाऱ्या पद्धतीतच वापरावी लागेल, आणि मग दिशा हळूहळू सरकेल. सपाट फरशीवर कलाचीही गरज नाही. त्यापेक्षा चाकांवर एन्कोडर (चाक किती फिरले ते मोजणारा सेन्सर), वळणांसाठी साधा एमपीयू-६०५० आणि फरशीवर रंगवलेली पट्टी ओळखणारा सेन्सर एवढ्यावर काम भागेल. गाडी पट्टीवर आली की जायरोची साचलेली चूक शून्य करता येते. तरीही बीएनओ-०५५ घेतलाच आणि तो रास्पबेरी पायला जोडणार असाल, तर आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीऐवजी सिरियल जोडणी ठेवावी, कारण ही चिप घड्याळाचा संकेत रोखून धरते आणि ते त्या संगणकाच्या जुन्या मॉडेलांना नीट हाताळता येत नाही. वीज गेली की तिचे कॅलिब्रेशनही (सेन्सरच्या दुरुस्तीचे आकडे) पुसले जाते. म्हणून ते आकडे एकदा वाचून फाइलमध्ये ठेवावेत आणि सुरू होताना परत लिहावेत.