वाचनालयाचे संकेतस्थळ : वर्ग वाढवावेत की नोंदीचा प्रकार बदलावा?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर आहे. नवी पुस्तके, व्याख्याने, सूचना असे सारे आम्ही पोस्ट म्हणूनच टाकतो आणि प्रत्येकीला वर्ग (कॅटेगरी) देतो. तरीही पुढच्या आठवड्यातले व्याख्यान खाली जाते आणि होऊन गेलेले वर दिसते. आणखी वर्ग करावेत का? — एक ग्रंथपाल

उत्तर : वर्ग कितीही वाढवलेत तरी ही अडचण राहील. पोस्ट मुळात ब्लॉगसाठी घडवलेली असल्याने ती प्रसिद्धीच्या दिवसानुसार लागते. २५ तारखेच्या व्याख्यानाची पोस्ट १० तारखेला टाकली असेल, तर ती वर्डप्रेसच्या लेखी १० तारखेचीच असते आणि १२ तारखेला पुस्तकांची यादी चढवली की खाली सरकते.

वर्डप्रेसच्या ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, पोस्ट आणि पेज (तारखेनुसार न लागणारे स्थिर पान) यांखेरीज स्वतःचे नोंदप्रकार सहज ठरवता येतात. कोणत्या गोष्टीला वेगळा प्रकार हवा, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगले कळेल, कारण पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत आपण व्याख्याने कधी लिहीत नाही. पुस्तकाला लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक हे रकाने लागतात. व्याख्यानाला वक्ता, स्थळ, तारीख आणि वेळ. रकाने निराळे, म्हणून प्रकार निराळे. सूचना मात्र पोस्ट म्हणूनच राहू द्याव्यात.

यानंतर कोणती माहिती रकान्यात आणि कोणती वर्गीकरणात, हे ठरवावे. लेखकाच्या नावावर क्लिक करून त्याची सगळी पुस्तके दिसायला हवीत, म्हणून लेखक हे वर्गीकरण. किंमत नुसती वाचायची, म्हणून तो रकाना. साहित्यप्रकार टॅगसारखा ज्याने त्याने टाइप करू नये, ठरलेल्या यादीतून निवडावा. नाहीतर ‘ललितलेखन’ आणि ‘ललित लेखन’ असे दोन वेगळे कप्पे होतात आणि निम्मी पुस्तके कोणाला सापडत नाहीत.

व्याख्यानाच्या तारखेबाबत विशेष काळजी घ्यावी. अशा जादा रकान्यांतील मजकूर वर्डप्रेस साधा मजकूर म्हणूनच साठवते, त्यामुळे तारीख ‘०५/१०/२०२५’ अशी लिहिल्यास ती ‘१४/०९/२०२५’च्या आधी लागते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ‘२०२५१००५’ असे साठवावे (साठवताना अंक इंग्रजी ठेवावेत, पानावर खुशाल मराठी दाखवावेत), आणि यादी याच रकान्यावर लावून आजच्या आधीच्या नोंदी गाळाव्यात.

नव्या प्रकारांची नोंदणी थीममध्ये (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्यात) करू नये, छोट्या स्वतंत्र प्लगिनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या पुरवणीत) करावी. थीममध्ये केली आणि पुढे कोणी थीम बदलली, तर पुस्तके डेटाबेसमध्ये शाबूत असूनही व्यवस्थापनाच्या पडद्यावरून नाहीशी होतात. नोंदणीनंतर नवी पाने ‘सापडत नाही’ असे दाखवू लागली, तर सेटिंग्जमधील पर्मालिंकचे (पानांच्या कायम पत्त्यांचे) पान उघडून एकदा जतन करावे. बहुधा तेवढ्याने भागते.