पगार नाही ती सुट्टी नाही, खाडा

१ मेच्या सुट्टीबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या टॉवेल कारखान्यात १ मेला माग बंद असायचे आणि त्या दिवसाचे पैसे आठवड्याच्या पगारात यायचे. गेल्या वर्षी माग बंद ठेवले, पैसे दिले नाहीत. मालक म्हणतात, ‘कायद्यात कुठं लिहिलंय ते दाखवा.’
– यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

मालकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये साप्ताहिक सुट्टी होती, भरपगारी रजा होती, १ मे नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही तो नाही. कारखान्यातली ही सुट्टी करारातून, स्थायी आदेशांतून (कारखान्याच्या लेखी सेवानियमांतून) किंवा चालत आलेल्या प्रथेतून मिळते. तुमच्याकडे प्रथा आहे आणि ती काही कच्ची नाही. रूढ सवलत बंद करायची किंवा सुट्ट्यांत बदल करायचा, तर मालकाला कामगारांना आधी नोटीस देऊन २१ दिवस थांबावं लागतं. औद्योगिक विवाद अधिनियमात हे कलम ९-अ होतं. आता औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आहे. ‘नोटीस कधी लावली?’ हा तुमचा उलट प्रश्न.

प्रथा मात्र नुसती तोंडानं सांगून टिकत नाही. गेल्या वर्षाआधीच्या तीन-चार वर्षांच्या, १ मे ज्या आठवड्यात आला त्या आठवड्याच्या पगारचिठ्ठ्या जमवा. चिठ्ठी देत नसतील तर नगांची वही काढा. नग पाच दिवसांचे आणि पैसे सहा दिवसांचे, एवढं तिच्यात दिसलं की काम झालं. मग मार्चअखेर अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपा आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या.

नगावर काम असेल तर ‘रोज किती धरायचा’ इथंच बोलणी फिसकटतात. म्हणून रीत अर्जातच लिहा: आदल्या महिन्याची कमाई, जादा कामाचे पैसे वगळून, भागिले भरलेले दिवस. समजा एप्रिलमध्ये २४ दिवस भरले आणि ११,२८० रुपये झाले, तर रोज ४७० रुपये. नगावरच्या कामगाराचा ओव्हरटाइम काढायला कारखाने अधिनियमात हीच रीत होती, त्यामुळे मालकांच्या हिशेबनीसालाही ती नवी नाही.

एवढं कशाला? सगळ्यांनी मिळून १ मेला रजा टाकली तर?
– त्याच कारखान्यातून दुसरं पत्र

टाकू नका. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर औद्योगिक संबंध संहितेत तो संप धरला जातो आणि संपाला १४ दिवसांची पूर्वसूचना लागते. वर आणखी एक खोच आहे. दहा किंवा अधिक जण संगनमतानं, न कळवता, सबळ कारण नसताना गैरहजर राहिले आणि नोकरीच्या अटींत तसं असेल, तर एका दिवसापोटी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. चारशे रुपयांच्या मागणीपायी तीन हजार घालवण्यातला हा प्रकार.

कामगार दिन खरा की महाराष्ट्र दिन? ग्रुपवर दरवर्षी भांडण होतं.
– साखर पेठ

दोन्ही खरे. आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेत १ मे १८८६ पासून संप झाले, शिकागोत रक्त सांडलं. १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेनं ती तारीख जगभर पाळायचं ठरवलं. आपल्याकडे १९२३ मध्ये मद्रासला कामगार नेते सिंगारवेलूंनी पहिला मे दिन साजरा केला. महाराष्ट्र राज्य त्यानंतर ३७ वर्षांनी, १९६० मध्ये आलं. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात नुसती ‘१ मे’ ही तारीख आहे, दिवसाचं नाव नाही. तेव्हा नावावरून पगार अडत नाही. (रविवारची सुट्टी ही वेगळी कमाई. ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यातून १८९० मध्ये मिळाली.)

चाटी गल्लीतल्या कापड दुकानात आम्ही चौदा जण. पगार महिन्यावर. १ मेला दुकान बंद होतं, तरी एक दिवस कापला.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. दोन्ही, एकाच्या बदल्यात एक नव्हे. पण कायदा लागू होण्याची मर्यादा पूर्वी दहा कामगारांची होती, २०२५ मध्ये ती वीस केली. चौदा जणांचं दुकान त्यातून निसटलं.

तरी तुमची कपात चूकच आहे. वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही आणि तिच्यात कपात आहे ती गैरहजेरीसाठी. दुकानाला कुलूप मालकांनी लावलं, तुम्ही गैरहजर कसे? दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पगारचिठ्ठी मागून घ्या. ती देणं आता बंधनकारक आहे.

१ मेला विडी कंपनीची ब्रँच बंद असते. ३० तारखेला दोन दिवसांचं पान-तंबाखू देतात आणि २ तारखेला दुप्पट विड्या मागतात. मग आम्हाला सुट्टी कसली?
– विडी कामगार, कुंभारी

ताई, सुट्टी ब्रँचच्या कारकुनाला मिळाली, तुम्हाला नाही. आणि यात दुसरा तोटा आहे तो लक्षात येत नाही. १९६६ च्या विडी कायद्यानं (त्याच्याही जागी आता नवी संहिता आली आहे) घरी विड्या वळणारीलाही भरपगारी रजा दिली, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. तिचा ‘दिवस’ कसा मोजायचा हेही सांगितलं: मध्यरात्रीपासूनच्या चोवीस तासांत कितीही वेळ विड्या वळल्या तरी तो एक दिवस. म्हणजे हजार वळा की दोनशे, दिवस भरला. पण दोन दिवसांच्या विड्या २ तारखेला तुमच्या नोंदीच्या कार्डावर एकाच ओळीत चढवल्या, तर कागदावर तुमचा एक दिवस बुडाला. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत रजेसाठी वर्षाला १८० दिवस भरावे लागतात, तेव्हा असे बुडालेले दिवस डिसेंबरात टोचतात.

१ मेला खरंच हात थांबवायचा असेल, तर ३० तारखेला एकाच दिवसाचं पान उचला. ते जमणार नसेल, तर कार्डावर ३० एप्रिल आणि १ मे अशा दोन ओळी, दोन वेगळे आकडे लिहून घ्या, आणि खिडकीपाशी उभ्या असतानाच वाचून पाहा. घरी येऊन बघितलं की मग दुरुस्ती होत नाही.