जुने गेल्यावर मालिका कोणाची?

या वेळची पत्रं ‘न्यू ट्रिक्स’भोवती फिरतात, म्हणजे मूळचे कलाकार एकेक करून गेल्यावरही चालू राहिलेल्या गुप्तहेर मालिकांभोवती. कोणतं पात्र कसं गेलं हे उत्तरांत उघड सांगितलं आहे. मालिका पाहायची राहिली असेल त्यांनी तिसरं उत्तर आणि चौथ्यातला शेवटचा परिच्छेद सोडून वाचावं.

प्रश्न: ‘न्यू ट्रिक्स’ शेवटच्या पर्वांत अनोळखी वाटू लागते. केस पूर्वीइतक्याच बऱ्या आहेत, नवे कलाकारही कसलेले आहेत. मग बिघडलं काय?

बिघाड केसमध्ये नाही, त्या चौघांच्या खोलीत आहे. बीबीसीवर 2003 साली आलेल्या पहिल्या भागात मांडणी अशी होती: लंडनच्या पोलिसांचं ‘युकॉस’ नावाचं पथक न सुटलेल्या जुन्या केस उकरून काढतं. नोकरीतली अधिकारी एकच, सँड्रा पुलमन (अमांडा रेडमन). तिच्या हाताखाली तीन निवृत्त पोलीस: जॅक हॅलफर्ड (जेम्स बोलम), ब्रायन लेन (अलन आर्मस्ट्राँग) आणि जेरी स्टँडिंग (डेनिस वॉटरमन). निवृत्तांना अटक करण्याचा अधिकार नाही, नव्या नियमांची सवय नाही आणि साहेबीण त्यांच्यापेक्षा वयाने लहान. त्यामुळे साक्षीदाराला भेटायला कोण जाणार एवढं ठरवतानाही खटका उडतो. मालिका या खटक्यांवर चालते.

ब्रायनचंच बघा. जुनी फाइल टेबलावर येते, सँड्रा नाव वाचते आणि ब्रायन साल, ठाणं, तपास अधिकारी सगळं घडाघडा म्हणून दाखवतो. प्रेक्षकाला माहिती मिळते. सोबत हा माणूस स्वस्थ बसू शकत नाही, दारू सोडलेली आहे आणि घरी बायको एस्थर काळजीत आहे, हेही त्याच आवाजातून कळतं. एका संवादात दोन कामं. ब्रायन गेल्यावर तीच माहिती संगणकाच्या पडद्यावरून किंवा फोनवरून येते, आणि प्रसंग कोरडा होतो.

जॅक आपल्या बागेत दिवंगत बायकोशी, मेरीशी बोलतो. केसचा गुंता तो तिच्यापाशी सोडवतो, आणि चौघांमधली शांतता त्याच्याकडून येते. 2012 मध्ये डेनिस लॉसनचा स्टीव्ह मॅकअँड्र्यू आला. ग्लासगोचा, उत्साही, बेधडक. लॉसन उत्तम नट आहेत, पण हा सूर जेरीकडे आधीच होता. एकाच सुरात दोघे बोलू लागले आणि जॅकची जागा रिकामीच राहिली. 2013 मध्ये निकोलस लिंडहर्स्टचा डॅन ग्रिफिन आणि टॅमझिन आउथवेटची साशा मिलर आले. डॅन काटेकोर आणि अलिप्त आहे. नव्यांमध्ये सर्वांत नीट घडवलेलं पात्र तेच, असं आमचं मत आहे.

सर्वांत मोठं नुकसान मात्र भूतकाळाचं झालं. पहिल्या चौघांची आयुष्यं त्या जुन्या केसमध्येच अडकलेली होती. सँड्राचे वडील पोलीस होते, आणि त्यांच्या मृत्यूमागचं खरं कारण जॅकला ठाऊक होतं. तिच्या त्याच्यावरच्या मायेला आणि रागाला तिथून धार येत असे. नव्यांचा भूतकाळ दुसरीकडे घडलेला. त्यांच्यासाठी जुनी केस म्हणजे फक्त जुनी केस.

प्रश्न: इतके भाग आहेत. कुठून सुरू करावं, कुठे थांबलं तर चालेल?

एकूण 107 भाग आहेत: 2003 चा पहिला आणि त्यानंतर 2004 ते 2015 अशी बारा पर्वं. आठवं पर्व संपेपर्यंत मूळ चौघे एकत्र आहेत. हे झाले 67 भाग. वेळ कमी असेल तर 2003 चा भाग पाहून थेट दुसऱ्या पर्वावर जा, पण नववं आणि दहावं पर्व क्रमानेच बघा, कारण माणसं तिथे जातात. अकराव्या पर्वापासून पुढे केस आवडतील तसे सुटे भाग पाहायला हरकत नाही.

प्रश्न: चौघांपैकी कोणाचा निरोप सर्वांत चांगला लिहिला गेला?

ब्रायनचा. पोलीस कोठडीत मेलेल्या अँथनी के या माणसाची केस ब्रायनच्या मानेवर पहिल्यापासून होती. तो मृत्यू त्याची नोकरी जाण्याच्या आणि दारूच्या मुळाशी होता. लेखकांनी हा धागा वर्षानुवर्षं जिवंत ठेवला आणि दहाव्या पर्वात त्यालाच त्याच्या जाण्याचं कारण केलं. जाण्यासाठी नवं कारण शोधावं लागलं नाही, म्हणून ते पटतं.

जॅकचा निरोप छोटा आहे. नवव्या पर्वाच्या सुरुवातीलाच तो जातो: आजार बरा होणारा नाही, आणि शेवटचे दिवस त्याला फ्रान्समध्ये काढायचे आहेत. कमी बोलणाऱ्या माणसाला हे शोभतं. पण तो जातो तेव्हा इतरांना त्याच्याशिवाय वावरताना आपण पुरेसं पाहत नाही, पुढची केस लगेच सुरू होते.

सँड्राचं जाणं दहाव्याच पर्वात, नवी नोकरी स्वीकारून. कारण तर्काला धरून आहे. तरी ब्रायन आणि सँड्रा एकाच पर्वात गेल्याने प्रेक्षकाला सावरायला जागाच उरली नाही. आमच्या मते मालिकेला सर्वांत जास्त दुखापत इथे झाली.

बाराव्या पर्वात, 2015 साली, जेरीही गेला. त्या दोन भागांचं नाव ‘लास्ट मॅन स्टँडिंग’: जेरीचं आडनावही त्यात आहे आणि चौघांपैकी उरलेला तो शेवटचा, हेही. त्यानंतर लॅरी लॅम्ब यांचं टेड केस नावाचं पात्र आलं, आणि त्या पर्वाबरोबर मालिका संपली.

प्रश्न: ‘टॅगर्ट’ टॅगर्टशिवाय इतकी वर्षं कशी चालली? मग ‘न्यू ट्रिक्स’ला ते का जमलं नाही?

मालिका कशावर उभी आहे, यावर ते ठरतं. टॅगर्टची भूमिका करणारे मार्क मॅकमॅनस 1994 मध्ये वारले. 1983 पासून चाललेली मालिका त्याच नावाने 2010 पर्यंत चालली, म्हणजे नायकाशिवायची वर्षं त्याच्यासह काढलेल्या वर्षांपेक्षा जास्त. आधार दोन होते: ग्लासगो शहर, आणि ब्लाइथ डफ यांची जॅकी रीड. ती 1990 पासून अखेरपर्यंत होती. माणसं बदलली तरी जुन्या दिवसांची आठवण असणारं कोणी तरी पथकात कायम राहिलं.

‘लॉ अँड ऑर्डर’ सांगाड्यावर उभी आहे: अर्धा भाग पोलीस, अर्धा भाग न्यायालय. पहिल्या पर्वातले शेवटचे कलाकार स्टीव्हन हिल 2000 मध्ये गेले आणि मालिका 2010 पर्यंत आणखी दहा वर्षं चालली. पात्रांच्या घरात ती फारशी डोकावतच नव्हती, त्यामुळे बदलीचा घाव खोल गेला नाही.

‘मिडसमर मर्डर्स’ने नातं वापरलं. जॉन नेटल्स यांचा तपास अधिकारी टॉम बार्नबी 81 भागांनंतर 2011 मध्ये निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी चुलतभाऊ जॉन आला, नील डजन. आडनाव तेच राहिलं. हा जॉन 2010 च्या एका भागात पाहुणा म्हणून आधीच येऊन गेला होता, म्हणजे प्रेक्षकाची ओळख खुर्ची रिकामी होण्याआधीच करून दिली होती. (त्याही आधी, 2000 साली, डजन याच मालिकेत माळी म्हणून दिसले आहेत. जुना भाग पाहताना गोंधळू नका.)

‘डेथ इन पॅराडाइज’ तर बदलीसाठीच बेतल्यासारखी आहे. बेटावर बाहेरचा अधिकारी येतो, त्याला तिथलं काही जमत नाही, शेवटी सगळ्या संशयितांना गोळा करून तो खुनी सांगतो. बेन मिलर यांच्यानंतर क्रिस मार्शल, आर्डल ओ’हॅनलन, राल्फ लिटल आणि डॉन गिले असे अधिकारी बदलले. पण डॉन वॉरिंग्टन यांचे आयुक्त पहिल्या पर्वापासून आहेत. 2014 मध्ये मिलर यांच्या पात्राचा खून हीच नव्याची पहिली केस केली. 2017 आणि 2020 च्या बदल्या मात्र पर्वाच्या मधोमध घडवल्या. नवं पर्व नव्या चेहऱ्याने उघडलं की प्रेक्षक जोखायलाच बसतो. मधे बदल झाला की तो कथेच्या ओघात असतो.

प्रश्न: चौघांच्या तपास पथकावर आम्ही वेब मालिका लिहितो. आठ भागांच्या पुढच्या पर्वात तिघे कलाकार जाणार आहेत. पटकथेत काय, कोणत्या क्रमाने करावं?

नवं नाव ठरवण्याआधी मागच्या पर्वाचे शेवटचे सहा भाग घ्या आणि तक्ता करा. प्रत्येक प्रसंगात माहिती कोण आणतं, शंका कोण घेतं, चुकीचा अंदाज कोणाचा, चिडतं कोण, शांत कोण करतं, याच्या खुणा करा. जाणाऱ्याच्या रांगेत कोणत्या रकान्यात सर्वांत जास्त खुणा पडतात, ती खरी रिकामी जागा. वय, लिंग, विनोदाची ढब नंतर. तक्ता न करता लिहिलं की आहे त्याच सुराचं पात्र पुन्हा येतं. स्टीव्ह आणि जेरीचं तेच झालं.

दोन निरोपांच्या मध्ये किमान दोन पूर्ण केस ठेवा. आठ भागांत पहिला दुसऱ्या भागाअखेर, दुसरा पाचव्याअखेर, तिसरा आठव्यात. करारामुळे कलाकार लवकर मोकळा करावा लागत असेल, तर त्याचे सगळे प्रसंग आधी चित्रित करा आणि तेव्हाच दोन-तीन फोन संभाषणांचा आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुढच्या भागात एक फोन आला तरी तो माणूस जगात आहे असं वाटतं.

नव्याला बदलीचा आदेश हातात देऊन दारातून आणू नका. केसमधून आणा: दुसऱ्या ठाण्याचा अधिकारी, जुन्या तपासातला साक्षीदार, पथकाविरुद्ध तक्रार करणारा. पहिल्या केसमध्ये तो एकदा बरोबर ठरावा आणि एकदा ठळकपणे चुकावा. जुन्या पात्रांनी त्याचं कौतुक केलं की प्रेक्षक नेमका उलटतो. त्यांनी त्याला हैराण केलं तर प्रेक्षक त्याची बाजू घेतो.

राहणाऱ्या चौथ्याला आठवण जपायचं काम द्या, पण भाषण नको. एक पूर्ण भाग टेबल रिकामं ठेवा. मग कुणीतरी त्यावर फाइल ठेवावी आणि चौथ्याने ती न बोलता उचलावी. पुरे.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसतं, म्हणून कला विभागाला यादी द्या: दारावरची पाटी, भिंतीवरचा गटफोटो, ओळखपत्रं, ड्युटीचा तक्ता, आणि हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे फळ्यावरचं अक्षर. मागच्या पर्वात फळा जाणारा माणूस लिहीत असेल, तर अक्षर कोणत्या भागापासून बदलणार ते लिहून ठेवा.

प्रश्न: नवं पात्र पहिल्या काही भागांत उसन्या भाषेत बोलल्यासारखं का वाटतं?

कारण पुष्कळदा ती भाषा खरोखरच उसनी असते. पटकथा काही महिने आधी लिहून घेतल्या जातात. कलाकाराचं जाणं नंतर कळलं की घाईत संवादांवरचं नाव बदललं जातं, वाक्यं तशीच राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: नवा माणूस पथकात एखाद्या आठवड्याचा असतो, तरी सहकाऱ्याच्या घरच्या गोष्टीवर टोमणा मारतो, किंवा ज्या केसला तो नव्हता तिचा दाखला देतो. लिहिणाऱ्यांनी यासाठी एक फेरी वेगळी काढावी. नव्याचे सगळे संवाद सलग, एकटे वाचावेत आणि ‘हे याला कसं कळलं?’ असं प्रत्येक ओळीला विचारावं. उत्तर नसेल ती ओळ राहणाऱ्या जुन्या पात्राला द्यावी, किंवा तिचा प्रश्न करून नव्याच्या तोंडी ठेवावा.